नजर परतली, मग गोळ्या कशाला?

पंचवटी असो की सिडको, नाशकात हे हमखास ऐकू येतं: डोळ्याच्या नसेची सूज स्टेरॉइडने उतरली, दिसू लागलं, आता अ‍ॅझाथायोप्रीन नको, ती किडनी बदललेल्यांची गोळी. किडनीरोपणानंतर ती देतात, हे खरंच. पण एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) या डोळ्याच्या नसेच्या व मज्जारज्जूच्या आजारात शरीराचीच अँटिबॉडी नसेवर पुन्हा पुन्हा हल्ला करते, आणि दर हल्ल्यात थोडी नजर कायमची जाऊ शकते. ते रोखायला वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू होतो. म्हणून शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी ही गोळी. तिचा गुण यायला काही महिने लागतात. तोवर स्टेरॉइड सोबत चालतं. नसेच्या प्रत्येक सुजेला ती लागत नाही. घेणाऱ्यांनी मात्र कृपा करून मनाने थांबवू नये, आणि पांढऱ्या पेशी व यकृताची रक्ततपासणी वेळच्या वेळी करावी.