सफाई कंत्राटदारांचा विमा: जुन्या क्लेमचा प्रीमियमवर परिणाम आणि अर्जाची कागदपत्रे

सांडलेले तेल, फुटलेले रसायनाचे ड्रम, अ‍ॅस्बेस्टॉस, पुरात भिजलेल्या इमारतीतली बुरशी अशी कामे घेणाऱ्यांच्या विमा अर्जात एक प्रश्न हमखास असतो: गेल्या काही वर्षांत किती क्लेम झाले? बरेच जण तिथे ‘किरकोळ’ एवढेच लिहून मोकळे होतात. मूळ दर उलाढाल, पगारपत्रक आणि कामाच्या प्रकारावरून निघतो, पण तो पुढे चढणार की उतरणार हे बऱ्याच अंशी याच उत्तरावर ठरते.

कंपनी तुमच्या शब्दावर विसंबत नाही. तिला आधीच्या विमा कंपनीने दिलेला क्लेमचा अहवाल लागतो. धंद्यात त्याला ‘लॉस रन’ म्हणतात. तो साधारण 3 ते 5 वर्षांचा मागतात, आणि ताजा, म्हणजे बहुधा 60 ते 90 दिवसांच्या आतला. एकही क्लेम नसेल तरी ‘शून्य’ दाखवणारा अहवाल हवाच. मधल्या काळात कंपनी बदलली असेल तर प्रत्येकीकडून वेगळा घ्यावा लागतो. यातच वेळ जातो, म्हणून मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी लेखी मागणी करून ठेवा.

अहवाल हाती आला की तसाच पुढे पाठवू नका. एक ओळ नीट वाचा. समजा, ड्रम उचलताना आडवा झाला आणि रसायन शेजारच्या गटारात गेले. ‘दिलेली रक्कम’ 6, ‘राखीव’ (पुढे द्यावी लागेल म्हणून कंपनीने बाजूला ठेवलेली रक्कम) 40, स्थिती ‘प्रलंबित’. वर्षाचा प्रीमियम 100 धरला, तर अंडररायटर, म्हणजे जोखीम तपासून दर ठरवणारा कंपनीचा माणूस, 6 नाही, 46 मोजतो. राखीव रक्कमही नुकसानीतच धरली जाते. पण गटार केव्हाच साफ झाले आहे आणि शेजाऱ्याशी तडजोडही झाली आहे, फक्त फाईल कुणी बंद केलेली नाही. अशा वेळी तडजोडीचा कागद आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला जोडून राखीव रकमेचा फेरविचार मागायचा. ती 4 वर आली तर तोच आकडा 10 होतो. नूतनीकरणाआधीचे माझ्या मते सर्वांत मोलाचे काम हेच. एजंट ते आपणहून करेल या भरवशावर राहू नका.

दुसरी गोष्ट अनेकांना उलटी वाटते. एका मोठ्या क्लेमपेक्षा पाच लहान क्लेम अंडररायटरला जास्त खटकतात. मोठा अपघात नशिबाचा भाग असू शकतो. दर काही महिन्यांनी होणारी गळती म्हणजे साइटवर शिस्त नाही, असा अर्थ निघतो. डिडक्टिबल (प्रत्येक क्लेममधला आपण भरायचा हिस्सा) वाढवून लहान खर्च स्वतः सोसणे म्हणूनच कधी कधी परवडते. मात्र पॉलिसीत लिहिले असेल तर घटना कळवावीच लागते.

अर्जासोबत एवढे लागते: भरलेला प्रपोजल फॉर्म, लॉस रन, चालू पॉलिसीची प्रत, कामांची यादी व उलाढाल, परवाने, कामगारांच्या प्रशिक्षणाचे दाखले आणि कचरा कुठे नेऊन टाकता त्याच्या पावत्या. मोठ्या क्लेमसाठी एक पानी खुलासाही जोडा: काय झाले, का झाले, त्यानंतर काय बदलले. ‘यापुढे काळजी घेऊ’ याला किंमत नाही. ‘ड्रम आता दोघांनी, ट्रॉलीवरूनच हलवायचे’ याला आहे.

नव्या फर्मलाही अर्ज करता येतो. तिथे मालकाचा आधीचा अनुभव पाहतात. जुने क्लेम झाकायला फर्मचे नाव बदलणे मात्र अंगाशी येते. महत्त्वाची माहिती लपवल्याचे उघड झाले तर क्लेम नाकारला जातो, पॉलिसी रद्दही होऊ शकते.

कंपनी बदलण्याआधी आणखी एक तपासा. सर्वसाधारण दायित्वाच्या (दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या) पॉलिसीतून प्रदूषण बहुधा वगळलेले असते, म्हणून त्याचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. ते ‘क्लेम येईल त्या वर्षाची पॉलिसी’ या पद्धतीचे असेल, तर त्यावर एक पूर्वलक्षी तारीख छापलेली असते. त्या तारखेआधीच्या कामातून निघालेले प्रदूषण त्यात धरत नाहीत. नव्या पॉलिसीवर जुनीच तारीख कायम आहे ना, हे लेखी घ्या आणि मगच पैसे भरा.