रिपोर्ट अडवून धरणारी लॅब

मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार जातो. रामबागेतल्या एखाद्या आजोबांचं उपाशीपोटीचं रक्त सकाळी सातला घरी येऊन काढलं आणि आणखी पाच-सहा घरं हिंडून ते दहाला लॅबमध्ये पोचलं असं समजा. या तीन तासांत नळीतल्या पेशी जिवंतच असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत, सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारा पाणीदार भाग) वेगळं न करता ठेवलेल्या रक्तातलं ग्लुकोज खोलीच्या तापमानाला तासाला साधारण 5 ते 7 टक्क्यांनी घटतं. उकाड्यात आणखी भराभर. घरून निघताना 130 असलेली शुगर मशीनपुढे येईपर्यंत 110च्याही खाली जाऊ शकते. उपाशीपोटीच्या शुगरसाठी मधुमेहाची रेषा 126ला आहे. मशीननं समोर आलं ते बरोबर मोजलं, आजोबांचं निदान मात्र हुकलं.

शुगरसाठी राखाडी टोपणाची नळी वापरतात ती यासाठीच. तिच्यातलं फ्लोराइड पेशींचं हे खाणं थांबवतं, पण पूर्ण पकड घ्यायला त्यालाही तासभर किंवा जास्त लागतो.

पोटॅशियमचं प्रकरण याहून नाजूक आहे. रक्तद्रवात ते लिटरला 3.5 ते 5 मिलिमोल एवढंच असतं, तांबड्या पेशींच्या आत त्याच्या वीसपटीहून जास्त. बारीक सुईतून जोरानं ओढलं, नळी खळखळून हलवली की पेशी फुटतात, सीरम गुलाबी दिसतं आणि पोटॅशियम खोटंच चढतं. गुलाबी सीरम निदान डोळ्यांना दिसतं. रक्त तसंच फ्रिजमध्ये ठेवलं तर थंडीनं पेशींचा पोटॅशियम आत ओढणारा पंप मंदावतो, ते बाहेर झिरपतं आणि सीरम मात्र स्वच्छ राहतं. जांभळ्या टोपणाच्या नळीत तर पोटॅशियमयुक्त ईडीटीए असतं, म्हणजे कॅल्शियम बांधून रक्त गोठू न देणारं रसायन. त्यातलं थोडं रक्त दुसऱ्या नळीत गेलं की पोटॅशियम वर आणि कॅल्शियम पार तळाला. असे आकडे घेऊन कुणी स्वतःच्या पायांनी चालत येत नाही, हे अनुभवी टेक्निशियन रिपोर्ट पाहताच ओळखतो आणि सही होण्याआधी तो अडवतो.

म्हणून ‘पुन्हा सँपल द्यावं लागेल’ असा लॅबचा फोन आला की घरोघरी जो संताप होतो, त्याचं मला फार वाईट वाटतं. तो फोन करणाऱ्यानं आपलं काम केलेलं असतं.

मशीनवरही पहारा लागतोच. रुग्णांची सँपल लावण्याआधी रोज सकाळी कंट्रोल चालवतात, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा द्रव. त्याचा आकडा तक्त्यावर ठिपक्यानं मांडतात. मधली रेषा सरासरीची, वर-खाली विचलनाच्या मर्यादा; विचलन म्हणजे आकडे एरवी सरासरीपासून किती इकडेतिकडे होतात त्याचं माप. वॉल्टर श्युहार्ट यांनी 1924 मध्ये कारखान्यातल्या मालासाठी काढलेली ही पद्धत लेव्ही आणि जेनिंग्स यांनी 1950 मध्ये रक्ताच्या लॅबमध्ये आणली. मशीन ठणठणीत असलं तरी वीसेक ठिपक्यांत एखादा दोन विचलनांपलीकडे पडतोच, पण तीनपलीकडे हजारात तीनेकच. असे तक्ते वाचण्यासाठी वेस्टगार्ड या लॅबतज्ज्ञांनी 1981 मध्ये मांडलेल्या नियमांपैकी मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा: लागोपाठ दहा ठिपके सरासरीच्या एकाच बाजूला पडले तर थांबा, मग त्यातला प्रत्येक मर्यादेत का असेना. रसायन उतरत चाललंय किंवा मशीनचा दिवा म्हातारा होतोय, हे तिथे आधी कळतं. कंट्रोल मर्यादेबाहेर गेला की तो मर्यादेत येईपर्यंत पुन्हापुन्हा चालवायचा, ही सवय मात्र घातक. बिघाड तसाच राहतो आणि तक्ता तेवढा सुंदर दिसतो.

घरचा तक्ता घरच्यांनीच तपासून भागत नाही. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज (सीएमसी) देशभरच्या लॅबना एकसारखे नमुने पाठवतं आणि कुणाचं उत्तर कुठे पडलं ते कळवतं. आयएसओ 15189 या वैद्यकीय लॅबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एनएबीएल ही राष्ट्रीय संस्था मान्यता देते, पण भारतात ती ऐच्छिक आहे. शिवाय ती लॅबला सरसकट नसून चाचणीनिहाय असते, म्हणून आपली चाचणी तिच्यात बसते का, ते पाहावं.

आणि रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यातल्या वेळा वाचाव्यात: सँपल कधी काढलं, लॅबमध्ये कधी पोचलं. रक्त घरी येऊन नेलं असूनही दोन्ही वेळा एकच छापलेल्या असतील, तर काउंटरवर जाऊन विचारावं की ते मधल्या वेळात कुठे होतं.