समितीचा ठराव की ग्रामसभेचा? शिक्षकाच्या तक्रारीत कुठला कागद कुठे चालतो

जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी वेळेवर येत नाहीत अशी गावात कुजबुज सुरू झाली, की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, 'शाळेच्या समितीत ठराव घ्या.' दुसरा म्हणतो, 'ग्रामसभेत विषय काढा.' ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात, कारण दोन्हीकडे बसणारी माणसे बरीचशी तीच असतात आणि बऱ्याच गावांत सभाही शाळेच्याच पटांगणात भरते. पण हे दोन ठराव वेगळ्या कायद्यांतून आलेले आहेत आणि वेगळ्या टेबलांवर जातात. चुकीचा कागद चुकीच्या टेबलावर गेला, तर चार-सहा महिन्यांनी 'आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करावी' असा शेरा घेऊन परत येतो. तोवर वर्ष संपत आलेले असते.

शाळा व्यवस्थापन समिती येते शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ मधून. कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. महाराष्ट्रात समितीत १२ ते १६ सदस्य असतात. त्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला. म्हणजे १२ जणांच्या समितीत ९ पालक. उरलेल्या जागांवर ग्रामपंचायतीचा एक निवडून आलेला सदस्य, एक शिक्षक आणि एक शिक्षणातला जाणकार. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा. मुख्याध्यापक सदस्य सचिव. सरपंच पदामुळे अध्यक्ष होत नाही. जुन्या ग्राम शिक्षण समितीत सरपंचाकडे अध्यक्षपद असायचे, ती सवय अजून गेलेली नाही, म्हणून काही ठिकाणी सरपंचच अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेले दिसतात. स्वतःचे मूल त्या शाळेत शिकत असेल आणि पालकांनी निवडून दिले असेल, तर बसायला हरकत नाही. एरवी त्या बैठकीच्या ठरावावर कोणीही बोट ठेवू शकतो.

ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीतले सगळे. तिचा आधार १९५८ चा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम. आर्थिक वर्षात किमान चार सभा घ्याव्या लागतात. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल ती. शाळेत मूल असो वा नसो, मत मांडता येते. गावातल्या भावकीच्या आणि गटातटाच्या राजकारणाला इथे वाव मिळतो तो यामुळेच.

आता गोंधळाचे खरे कारण. हजेरीवर लक्ष ठेवण्याचा अधिकार दोघांकडेही आहे. समितीकडे तो शाळेच्या कामकाजावर देखरेख म्हणून येतो. ग्रामसभेला तो २००३ च्या दुरुस्तीने मिळाला: गावात काम करणाऱ्या शासकीय, निमशासकीय आणि पंचायत कर्मचाऱ्यांवर शिस्तविषयक नियंत्रण. यात हजेरी पडताळणे येते, कामाचे वार्षिक मूल्यमापन येते आणि कसूर दिसली तर गटविकास अधिकाऱ्याला कळवणेही येते. गटविकास अधिकाऱ्याने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा; त्याने दिला नाही, तर प्रकरण जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे जाते आणि त्यालाही तीनच महिने. ही मुदत हे ग्रामसभेच्या ठरावाचे खरे बळ. समितीच्या ठरावाला असे घड्याळ बांधलेले नाही. तो केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी अशा शिक्षण खात्याच्या पायऱ्यांनी चढतो आणि प्रत्येक पायरीवर रेंगाळू शकतो.

तरीही आमचे मत स्पष्ट आहे: सुरुवात समितीपासूनच करावी. ग्रामसभेच्या ठरावावर गटविकास अधिकारी पहिली गोष्ट काय करतो? तो कागद गटशिक्षणाधिकाऱ्याकडे पाठवून अहवाल मागवतो. गटशिक्षणाधिकारी विस्तार अधिकाऱ्याला शाळेत धाडतो आणि विस्तार अधिकारी समितीचे इतिवृत्त उघडतो. त्यात वर्षभर 'सर्व विषय सर्वानुमते मंजूर, आभार मानून सभा संपली' एवढेच असेल, तर ग्रामसभेत शंभर हात वर झालेले असूनही अहवाल 'तक्रारीत तथ्य आढळले नाही' असाच जातो. त्या अधिकाऱ्याला दोष द्यावा, तर त्याच्यासमोर दुसरा कागदच नसतो.

निलंबन, वेतनवाढ रोखणे, बडतर्फी यांतले काहीही समिती किंवा ग्रामसभा या दोघांच्या हातात नाही. जिल्हा परिषद शिक्षकाला १९६४ चे शिस्त व अपील नियम आणि १९६७ चे वर्तणूक नियम लागू होतात. कारवाई नियुक्ती प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे जिल्हा परिषदेकडून होते आणि शिक्षकाला म्हणणे मांडायची संधी द्यावीच लागते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ हेच सांगते: नियमित व वेळेवर हजर राहणे, अभ्यासक्रम पूर्ण करणे, पालकांशी नियमित बोलणे ही शिक्षकाची कर्तव्ये, त्यात कसूर झाली तर सेवानियमांप्रमाणे कारवाई, तीही बाजू ऐकून. 'सदर शिक्षकाची तात्काळ बदली करण्यात यावी' हे गावाचे आवडते वाक्य. जिल्हांतर्गत बदल्या आता संगणकप्रणालीतून सेवाज्येष्ठता आणि अवघड क्षेत्राच्या निकषांवर होतात. त्या यादीत गावाच्या ठरावाला रकानाच नाही. प्रशासकीय कारणाने बदली होऊ शकते, पण ती चौकशीत काही सापडले तरच. म्हणून मागणी चौकशीची करावी. शिक्षा काय ते नियम ठरवतील.

कागद नीट कसा व्हावा, ते एका ठरावावरून पाहू. गावोगावी सापडणारा नमुना असा: 'शाळेतील शिक्षक वेळेवर येत नाहीत, मुलांचे नुकसान होते, तरी योग्य ती कारवाई व्हावी.' यात तारीख नाही, वेळ नाही, कुठला शिक्षक ते नाही. हाच ठराव असा लिहिता येतो: 'दि. ८, १५ व २३ जुलै रोजी परिपाठाच्या वेळी इयत्ता तिसरी-चौथीचे वर्गशिक्षक शाळेत नव्हते. ८ व १५ तारखेस ते अनुक्रमे ११.४० व १२.०५ वाजता आले. २३ तारखेस आले नाहीत. या तिन्ही दिवशी हालचाल रजिस्टरमध्ये नोंद नाही. हजेरीपत्रकात पूर्ण दिवसाची सही आहे. याबाबत वस्तुस्थिती तपासून समितीस लेखी कळवावे.' यात विशेषण एकही नाही. खुलासा मागायला अधिकाऱ्याला एवढे पुरते आणि शिक्षकालाही नेमके कशाचे उत्तर द्यायचे ते समजते.

हजेरीपत्रक आणि हालचाल रजिस्टर शेजारी ठेवून वाचायची सवय समितीतल्या दोघा-तिघांनी तरी लावून घ्यावी. शिक्षक शाळेच्या वेळेत बाहेर गेला, तर कुठे, कशासाठी, किती वाजता निघाला, किती वाजता परतला हे हालचाल रजिस्टरमध्ये हवे. दुशिक्षकी शाळेत एक जुनी युक्ती चालते: रजेचा अर्ज तारीख न घालता खणात ठेवलेला असतो. तपासणीला कोणी आलेच, तर अर्जावर तारीख पडते आणि ती किरकोळ रजा होते. कोणी फिरकले नाही, तर दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाची सही होते. ही युक्ती पकडायला धाड घालावी लागत नाही. समिती सदस्याने सकाळी शाळेत जाऊन शेरेबुकात 'आज ११ वाजता भेट दिली, हजर शिक्षक एक, पट ३४, उपस्थित २७' एवढी एक ओळ लिहून खाली सही केली की नंतर पडलेली सही आपोआप उघडी पडते. हजेरीपत्रकावर मात्र सदस्याने किंवा सरपंचाने स्वतः लाल रेघ ओढू नये. तो शाळेचा दस्तऐवज आहे. खाडाखोड केलीत, तर चौकशी तुमच्याच मागे लागेल.

आणि आधी शिक्षक खरोखर कुठे होता ते विचारावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे शिक्षकाला देता येतात. शिवाय केंद्राची शिक्षण परिषद, प्रशिक्षण, मतदारयादीचे काम, पंचायत समितीत माहिती भरायला बोलावणे हे सगळे असतेच. दोन शिक्षकांपैकी एक बीएलओ, म्हणजे मतदारयादीचे काम पाहणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, असेल, तर अर्धे दिवस वर्ग कसा चालतो ते गावाने एकदा पाहावे. असा दिवस ठरावात 'गैरहजर' म्हणून घुसला आणि खुलाशाला आदेशाची प्रत जोडलेली आली, तर उरलेले खरे दिवसही संशयित ठरतात. सगळी तक्रार तिथेच बसते.

इतिवृत्ताची एक अडचण अशी की ते लिहितो मुख्याध्यापक आणि लहान शाळेत तक्रार बहुधा त्याच्याच विरुद्ध किंवा त्याच्या एकुलत्या सहकाऱ्याविरुद्ध असते. 'आत्ता सह्या करा, इतिवृत्त नंतर लिहितो' हे ऐकून घेऊ नये. ठराव वाचून दाखवल्यावर, शेवटच्या ओळीच्या लगेच खाली सह्या, आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो. सचिवाने ठराव लिहायलाच नकार दिला, तर अध्यक्षाने तोच मजकूर साध्या कागदावर, हजर सदस्यांच्या सह्यांनिशी, गटशिक्षणाधिकाऱ्याच्या कार्यालयात आवक-जावकला द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. जुन्या हजेरीच्या प्रती हव्या असतील, तर माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज पुरतो. उत्तराची मुदत ३० दिवस.

समितीची दोन-तीन पत्रे निरुत्तर राहिली, की मग ग्रामसभा. तिथे एक चूक वारंवार होते. सरपंच घाईत ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा ठराव पाठवतात. मासिक सभा निवडून आलेल्या सदस्यांची. कर्मचाऱ्यांवरचे शिस्तविषयक नियंत्रण कायद्याने दिले आहे ते ग्रामसभेला. शिक्का एकच, लेटरहेड एकच, म्हणून फरक डोळ्यांना दिसत नाही. तीन महिन्यांची मुदत मात्र ग्रामसभेच्याच ठरावाला लागते. तेव्हा विषय नोटिशीत आधी छापून घ्यावा. 'आयत्या वेळचे विषय' यात तो घुसवला, तर शिक्षकाच्या बाजूने पहिला आक्षेप तोच येईल. कोरमअभावी तहकूब झालेल्या सभेत नवा विषय घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ठरावाला समितीच्या इतिवृत्ताच्या प्रती आणि पोचपावत्या जोडाव्यात. मुख्याध्यापकाला सभेस बोलवावे. गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांनी ग्रामसभेला हजर राहायचेच असते.

एका बाबतीत मात्र समितीचा कागद चालतच नाही, ग्रामसभेचाच लागतो: मुख्यालयी राहण्याचा दाखला. शिक्षक गावात राहतो का, याचा पुरावा म्हणून ग्रामविकास विभागाने २०१९ मध्ये ग्रामसभेचा ठराव मागितला. २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी गावात न राहता घरभाडे भत्ता घेण्याचा विषय विधानसभेत काढल्यावर शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या. गावात भाड्याने मिळेल अशी खोली नसते, हे त्यांचे म्हणणे पुष्कळ ठिकाणी खरे आहे. पण न राहणाऱ्याला 'राहतात' असा ठराव देणे आणि पुढच्या वर्षी भांडण झाले की तोच ठराव अडवून धरणे, हा व्यवहार गावानेच वाढवला. तालुक्याहून दुचाकीने येणारा शिक्षक दहा मिनिटे आधी वर्गात असतो आणि गावात राहणारा उशिरा येतो, असेही असते. वेळेची तक्रार आणि मुक्कामाची तक्रार एकाच ठरावात कालवू नये. दोन्हींतल्या ज्या तक्रारीला सोपे उत्तर आहे तिलाच उत्तर मिळते.

पैशाचा प्रश्न असेल, तर कुठे जायचे ते काम केवढे आहे यावर ठरते. संयुक्त शाळा अनुदान पटावर मिळते: ३० पर्यंतच्या पटाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. त्याचा खर्च समितीपुढे मांडावा लागतो, त्यामुळे खडू-फळ्यापासून दुरुस्तीपर्यंतच्या पावत्या तिथेच मागायच्या. संरक्षक भिंत, शौचालय, नळजोडणी ही मोठी कामे या रकमेत बसत नाहीत. ती शाळा विकास आराखड्यात लिहून ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालावी लागतात, आणि तिथे ग्रामसभा हवी.

पेसा क्षेत्रात, म्हणजे पंचायतींचा विशेष कायदा लागू असलेल्या आदिवासी भागात, पारडे ग्रामसभेकडे झुकते. १९९६ च्या त्या कायद्यात सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचारी यांच्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत आहे आणि पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा असू शकते. संस्थेच्या खासगी अनुदानित शाळेत मात्र नोकरी संस्थेकडे असते आणि सेवाशर्ती १९७७ च्या कायद्याने चालतात. तिथे पत्र संस्थेला लिहून प्रत शिक्षणाधिकाऱ्याला द्यावी.

शाळेला टाळे ठोकण्याचा मोह आवरावा. बातमी होते, अधिकारीही धावत येतात, पण सरकारी कामात अडथळ्याची फिर्याद झाली तर भारतीय न्याय संहितेची कलमे २२१ आणि १३२ गावकऱ्यांवर लागू शकतात. मग आधीची तक्रार बाजूला राहते आणि तडजोडीत तीच मागे घ्यावी लागते.

मुलांना मारहाण किंवा मानसिक छळ असेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ चा उल्लेख करून समितीकडे आणि गटशिक्षणाधिकाऱ्याकडे त्याच दिवशी लेखी द्यावे. लैंगिक छळाचा संशय आला, तर ठराव नको, बैठक नको, गावात चर्चा तर मुळीच नको. बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. मुलाचे नाव कुठल्याही इतिवृत्तात येता कामा नये.

समिती एका गटाच्या खिशात आणि ग्रामसभा दुसऱ्याच्या, अशी स्थिती असेल, तर पालकाला दोघांचीही वाट पाहायची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली कोणीही व्यक्ती मुलाच्या शिक्षण हक्काबाबत स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे इथे जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार करू शकते. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि तो पटला नाही, तर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. अर्जाला ठराव लागत नाही. तारखा मात्र इथेही लागतातच.