उशिरा निजे, उशिरा उठे

नोव्हेंबरातल्या रविवारी सकाळी साडेअकराला सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडे संध्याकाळचे पाच वाजलेले, चहा झालेला. पहिला प्रश्न नातीबद्दल. "झोपलीये," म्हटलं की पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, "अगं, बारावीचं वर्ष ना तिचं? उठव की!" आणि त्यामागून मला दुसरीत घोटून घेतलेली ओळ: लवकर निजे, लवकर उठे, तया ज्ञान, आरोग्य, संपत्ती भेटे.

बारावीला इंग्लंडमध्ये इयर थर्टीन म्हणतात. आकडा एकाने पुढे, वय तेच. सोळा ते अठरा या दोन वर्षांचं नाव सिक्स्थ फॉर्म. काही शाळांत ते वरच्या मजल्यावर असतं, तर काही गावांत त्याचं वेगळं कॉलेजच असतं. आमची लेक अशाच एका कॉलेजात जाते. मीही पहिलं वर्षभर आईसारखीच रोज तिला हाका मारत होते. मग एकदा वैतागून, ही मुलं अशी का झोपतात ते वाचायला बसले, आणि ओळीतला 'लवकर' हा शब्द सोळा वर्षांच्या शरीराला लागूच होत नाही, हे कळलं.

अंधार पडल्यावर मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन सोडू लागते. शरीराला रात्र झाल्याची वर्दी देणारं हे रसायन. वयात येताना ही वर्दीच उशिरा सुटू लागते. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या मेरी कार्स्केडन यांनी 1990च्या दशकात हे मुलांवर काळजीपूर्वक तपासलं. शरीराच्या घड्याळाचं हे सरकणं केवळ मित्रांमुळे किंवा टीव्हीमुळे होत नाही, त्याचा वयात येण्याशी संबंध आहे, असं त्यात दिसलं. वयात येणाऱ्या उंदरांत आणि माकडांतही ते आढळतं, आणि त्यांच्याकडे तर फोन नसतो. दुसरी गंमत झोपेच्या दाबाची. आपण जितका वेळ जागे, तितकं मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठतं आणि डोळे जड होतात. मोठ्या किशोरांत हा दाब लहान मुलांपेक्षा सावकाश चढतो. म्हणून रात्री साडेदहाला आपण जांभया देत असतो आणि हिची तरतरी नुकती सुरू होते. म्युनिकच्या टिल रोनेबर्ग यांनी 2004 मध्ये हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा मांडल्या, तेव्हा हा उशीर विशीच्या आसपास शिगेला पोहोचून नंतर उलटा फिरताना दिसला. मुलींमध्ये साधारण साडेएकोणिसाव्या वर्षी, मुलांमध्ये एकविसाव्या. म्हणजे अजून दोन वर्षं हे असंच चालणार.

झोप मात्र कमी लागत नाही. या वयाला आठ ते दहा तास हवेत. लेकीची बस सात चाळीसला. बाराला डोळा लागला आणि साडेसहाला गजर, की रोज दीड-दोन तासांची उधारी. रविवारची सकाळ ही त्या उधारीची वसुली आहे. सिएटलमध्ये 2016 साली हायस्कुलं सात पन्नासऐवजी पावणेनऊला भरू लागली. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, पोरं तेवढीच जास्त जागतील. मनगटावरच्या यंत्रांनी मोजल्यावर दिसलं की झोप 34 मिनिटांनी वाढली.

बसची वेळ माझ्या हातात नाही. हातात आहे तो उजेड. घड्याळ मागे आणायला सकाळचा उजेड लागतो, आणि डिसेंबरात इथे सूर्य आठला उगवतो, चारच्या आत मावळतो. मुलं अंधारात बसस्टॉपवर उभी राहतात. त्यामुळे शनिवार-रविवारी अकराच्या पुढे मी तिला लोळू देत नाही. रागावत नाही, फक्त पडदे सरकवते आणि तिच्या खोलीतून न बोलता बाहेर येते. (आईचा फोन आला की मात्र अजून झोपली आहे असंच सांगते, नाहीतर तासभर गप्पा.) दुपारी चारनंतर घरात कॉफी बंद. कॅफिन ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं, आणि पाचेक तासांनीही त्यातलं निम्मं अंगात असतं.

आता अभ्यास. दहावीइतक्या वयात, म्हणजे जीसीएसई या परीक्षेला, मुलं नऊ-दहा विषय करतात. सिक्स्थ फॉर्मला येताच ते तीनवर येतात. युनिफॉर्म जातो, गळ्यात ओळखपत्राची दोरी येते, शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारायची. आणि वेळापत्रकात भोकंच भोकं! तीन विषयांचे मिळून आठवड्याला साधारण पंधरा तास वर्ग. लेक बुधवारी दुपारी एकला घरी आली तेव्हा मी विचारलं, "सुट्टी दिली का?" तर ती फ्री पिरियड. फी नाही म्हणून शिकवतही नाहीत की काय, असं माझ्या मराठी मनात येऊन गेलं. लातूर पॅटर्न ऐकत मोठे झालेलो आपण. वर्गात जितके तास, जवळपास तितकेच स्वतः अभ्यास करायचे, असा तिथला हिशेब असतो, हे मला ऑनलाइन पालकसभेत कळलं. प्रत्येक शिक्षकाला पाच मिनिटं. मी केमिस्ट्रीबद्दल मुख्य प्रश्नाला आले आणि पडद्यावरचं घड्याळ शून्यावर जाऊन फोन आपोआप तुटला.

सिक्स्थ फॉर्मच्या या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला ए-लेव्हल म्हणतात. इंग्लंडमध्ये तो 2015पासून बदलला, आणि त्याची खरी मेख परीक्षेत आहे. पहिल्या वर्षाचे गुण आता धरत नाहीत. सगळं दुसऱ्या वर्षाच्या मे-जूनमध्ये, एकदम. पहिल्या सप्टेंबरात शिकलेली गोष्ट वीस महिन्यांनी आठवायची. हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने 1885 मध्ये निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून विसरण्याचा वेग मोजला होता: सुरुवातीला घसरगुंडी, मग हळूहळू उतार. वीस महिने म्हणजे त्या उताराचं टोक.

आणि तिच्या टेबलावर काय, तर पाच रंगांचे हायलायटर. पान इतकं रंगवलेलं की न रंगवलेली ओळच उठून दिसावी. मला आधी कौतुक वाटायचं. मग रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग वाचला. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचून, न बघता तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, आठवणाऱ्यांना 61 टक्के. फसगत अशी की चारदा वाचणाऱ्यांनाच आपल्याला जास्त येतं असं वाटत होतं. ओळखीचं वाटणं आणि येणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपली घोकंपट्टी बदनाम आहे, पण पुस्तक मिटून म्हणून दाखवण्याचा तिचा भाग शास्त्राला धरूनच होता. कमी पडायचं ते समजून घेणं.

म्हणून मी आता "अभ्यास झाला का?" विचारत नाही. पोळ्या लाटताना विचारते, "आज काय शिकवलं, मला सांग बघू." मला बायोलॉजीतलं ओ की ठो कळत नाही, आणि इथे तेच कामाला येतं. मागच्या आठवड्यात मज्जातंतूतून संदेश कसा जातो ते चाललं होतं. सोडियम आत शिरतं, मग पोटॅशियम बाहेर पडतं, आणि ती लाट पुढे पुढे सरकते. मी सहज म्हटलं, "पण मग ती मागे का नाही येत?" ती थांबली. ताटातली पोळी तशीच.

अशा वेळी गप्प बसणं मला सर्वांत जड जातं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2022 मध्ये एक अभ्यास छापला. त्यात मुलांना स्कॅनरमध्ये आईचा आणि अनोळखी बायकांचा आवाज ऐकवला होता. शब्द अर्थहीन होते, म्हणजे 'फोन ठेव' असंही कोणी म्हणालं नव्हतं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मेंदूतली सुखावणारी केंद्रं आईच्या आवाजाला जास्त उजळली. तेरापासून साडेसोळापर्यंतच्या मुलांत उलटं, अनोळखी आवाजाला. आईचा आवाज ओळखण्यात मात्र ती जवळपास चुकलीच नाहीत. पिट्सबर्गमधल्या आणखी एका अभ्यासात 32 मुलांना स्वतःच्या आईने केलेली टीका अर्धा मिनिट ऐकवली. भावनांशी जोडलेले भाग पेटले. भावना आवरणारे आणि समोरच्याच्या मनातलं ताडणारे भाग मंदावले. अभ्यास लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण माझं दहा मिनिटांचं भाषण पहिल्या अर्ध्या मिनिटानंतर कुठे जात असेल, याचा अंदाज मला त्यातून आला.

विद्यापीठाचा अर्ज तिने स्वतः भरला. पाच पर्याय, अर्ज यूकास या एकाच ठिकाणी. मेडिकल आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजवाल्यांना 15 ऑक्टोबर, बाकीच्यांना जानेवारी. मेडिकलची तारीख निघून गेली. आई अजून फोनवर विचारते, "डॉक्टर नाही का होणार?" त्याचं उत्तर मी देत नाही, फोन लेकीकडे देते. ती आजीशी सांगलीच्या सुरात बोलते आणि पटवते, कसं ते मला अजून कळलेलं नाही.

त्या रात्री ती पोळी अर्धी टाकून वर गेली. मीही पुढे विषय काढला नाही. सकाळी सात पस्तीसला, एक बूट पायात आणि एक हातात, दाराशी उभी राहून म्हणाली, "आई, मागची सोडियमची दारं थोडा वेळ बंद राहतात. म्हणून ती मागे नाही जात." बाहेर अजून अंधारच होता. बस चुकायची म्हणून ती पळाली.