खाल्लेले आणि अंगी लागलेले

2014 साली अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या परिषदेत एक चमत्कारिक प्रकरण मांडले गेले. 39 वर्षांच्या एका माणसाने चमचाभर कोरडे चिया बी तोंडात टाकले आणि वरून पेलाभर पाणी प्यायले. थोड्या वेळाने त्याला काहीच गिळता येईना. बिया अन्ननलिकेतच फुगून त्यांचा बुळबुळीत गोळा झाला होता. दुर्बीण घालून तो थोडा थोडा करून पोटात ढकलावा लागला. या माणसाला गिळण्याचा त्रास आधीपासून अधूनमधून होत असे, हे खरे. पण बिया भिजवून खाल्ल्या असत्या तर ही वेळ बहुधा आली नसती.

चिया आपल्या वजनाच्या दहापट पाणी धरून ठेवते. ज्या बुळबुळीमुळे घोटाळा झाला, तीच तिचा मोठा गुण आहे. ही बुळबुळ म्हणजे विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारा तंतू (फायबर). 100 ग्रॅम चियामध्ये एकूण तंतू 34 ग्रॅमच्या आसपास भरतात. पाकिटावर मात्र ठळक अक्षरांत ‘ओमेगा-3’ लिहिलेले असते. तेही खोटे नाही, फक्त अर्धेच सांगितलेले. ओमेगा-3 हा स्निग्ध आम्लांचा एक गट आहे. चिया आणि जवसात त्यातले एएलए नावाचे आम्ल असते, माशांत मिळणारी ईपीए आणि डीएचए नव्हेत. एएलए शरीराला लागतेच, पण त्यापासून ईपीए-डीएचए फार थोडी बनतात. जवसाची आणखी एक गंमत आहे. त्याचे कवच इतके चिवट, की न चावलेला दाणा जसा गेला तसाच बाहेर पडतो. म्हणून जवस कुटून खायचे.

एकंदरीत, पदार्थात किती आहे हा एक आकडा आणि त्यातले अंगी किती लागते हा दुसरा. पाकिटावर पहिलाच छापतात.

पालक आणि केल या दोन हिरव्या भाज्यांच्या कॅल्शियममध्ये हा फरक लख्ख दिसतो. पालकात कॅल्शियम भरपूर, पण त्यातले ऑक्झलेट त्याला घट्ट धरून ठेवते आणि शरीराच्या हाती जेमतेम पाच टक्के लागते. केलमध्ये ऑक्झलेट नगण्य, त्यामुळे चाळीस टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम शोषले जाते. हे प्रमाण दुधापेक्षाही जास्त आहे. केलभोवतीचा गाजावाजा मला एरवी अति वाटतो. इथे मात्र तो सार्थ आहे. या भाज्यांतले बीटा-कॅरोटिन (ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते) स्निग्धात विरघळते, म्हणून नुसती कोरडी पाने चघळण्यापेक्षा सोबत थोडे तेल किंवा अ‍ॅव्होकॅडो असलेले बरे.

सगळ्यात रंजक कथा ब्रोकोलीची. तिच्यातल्या ज्या सल्फोराफेन या संयुगाचा आरोग्यदायी म्हणून बोलबाला आहे, ते अखंड ब्रोकोलीत जवळजवळ नसतेच. असते ते त्याचे पूर्वरूप ग्लुकोराफॅनिन, आणि मायरोसिनेज नावाचे विकर (एन्झाइम) त्याच्यापासून वेगळे साठवलेले. किड्याने पान कुरतडले की दोन्ही एकत्र येतात आणि झणझणीत सल्फोराफेन तयार होते. हे झाडाचे शस्त्र आहे, आपल्यासाठी बनवलेले टॉनिक नव्हे. आपल्या सुरीनेही तेच घडते. पण चिरल्या चिरल्या उकळत्या पाण्यात टाकले, तर उष्णतेने विकर निकामी होते. म्हणून चिरून अर्धा-पाऊण तास ठेवावे, मग शिजवावे. तेवढा धीर नसेल तर शिजलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड भुरभुरावी. तेच विकर मोहरीतही असते.

1997 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील पॉल टॅलले आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की तीन दिवसांच्या ब्रोकोलीच्या कोंबांत ग्लुकोराफॅनिन पूर्ण वाढलेल्या ब्रोकोलीच्या 10 ते 100 पट असू शकते. कोंबांची लाट तिथून उसळली. पण बी रुजायला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. 2011 मध्ये जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलाय जंतूंनी पन्नासहून अधिक बळी घेतले. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चे मोड टाळावेत.

आता धान्यासारखे शिजवून खाल्ल्या जाणाऱ्या किन्वा या बियांबद्दल थोडक्यात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तो गवतवर्गीय धान्य नव्हे, तर पालकाचा भाऊबंद. शरीराला बाहेरून घ्यावी लागणारी नऊही अमिनो आम्ले त्यात आहेत. मात्र 100 ग्रॅमला 14 ग्रॅम प्रथिने हा आकडा कोरड्या दाण्यांचा. शिजून ते पाणी पितात आणि तेवढ्याच वजनात जेमतेम साडेचार ग्रॅम उरतात. दाण्यांवर कडवट सॅपोनिनचा थर असतो, तो चोळून धुवावा. पूड किंवा गोळ्यांच्या रूपात विकल्या जाणाऱ्या स्पिरुलिनाला तर वनस्पतीही म्हणता येत नाही, ते नीलहरित जिवाणू आहेत. त्यातले बहुतेक ‘बी-12’ जीवनसत्त्व माणसाच्या शरीरात निरुपयोगी ठरते, तेव्हा शाकाहारी मंडळींनी त्याच्या भरवशावर राहू नये.

आणि पुन्हा केल. तिच्यात रक्त गोठायला मदत करणारे व्हिटॅमिन के इतके असते, की वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्याने ती एकदम सुरू केली तर औषधाचा असर घटतो. अशांनी केल सोडायलाच हवी असे नाही. रोजचे प्रमाण साधारण सारखे ठेवावे, आणि वाढवायचे असेल तर आधी डॉक्टरांच्या कानावर घालावे.