पार्श्वभूमी : जिल्ह्याचा आराखडा आणि ‘अनुशेष’ नावाचा आकडा

जिल्हा नियोजन समितीची बैठक जानेवारी-फेब्रुवारीत होते तेव्हा कुठल्याही जिल्ह्याच्या नियोजन भवनात साधारण सारखेच चित्र असते. प्रत्येकापुढे प्रारूप आराखड्याची जाड पुस्तिका. सदस्य ती उघडतात आणि थेट रस्त्यांच्या पानावर जातात. ‘तीस चौपन्न’ आणि ‘पन्नास चौपन्न’ या रस्त्यांच्या लेखाशीर्षांत (३०५४ आणि ५०५४) आपल्या तालुक्याला किती, ग्रामपंचायतींच्या जनसुविधा योजनेत कोणती गावे आली, मागच्या वर्षीच्या कामांचे दायित्व, म्हणजे द्यायचे राहिलेले पैसे, किती. शासनाने कळवलेली आर्थिक मर्यादा एक असते, यंत्रणांची मागणी तिच्या कितीतरी पुढे गेलेली असते आणि मधल्या फरकाची ‘अतिरिक्त मागणी’ घेऊन पालकमंत्री व जिल्हाधिकारी राज्यस्तरीय बैठकीला जातात. चर्चा तीन-चार तास चालते. ही मर्यादा कुठून आली आणि शेजारच्या जिल्ह्याच्या तुलनेत आपण नेमके कुठे उभे आहोत, हा प्रश्न मात्र आता या बैठकांत क्वचितच निघतो. एके काळी तोच प्रश्न सगळ्यात मोठा होता आणि त्याला एक शब्द होता : अनुशेष, म्हणजे विकासात राहून गेलेली तूट.

या शब्दाचे मूळ राज्याच्या जन्माआधीचे आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात मराठी मुलखाच्या निरनिराळ्या भागांवर लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च होईल, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष दिले जाईल आणि याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे येईल, असे ठरले होते. १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२) आला. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगळी विकास मंडळे, निधीचे समन्यायी वाटप, तंत्रशिक्षण आणि नोकऱ्यांत समान संधी, आणि या सगळ्याची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे देण्याची तरतूद त्यात होती. मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये. मधली ३८ वर्षे ही तरतूद वापरलीच गेली नाही.

दरम्यान जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या आणि सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात जिल्हा हा नियोजनाचा घटक मानला गेला. १९७४ च्या सुमारास जिल्हा नियोजन व विकास मंडळे आली. जुनी माणसे आजच्या समितीलाही ‘डीपीडीसी’ म्हणतात, ते त्या काळापासून. राज्याच्या योजनेतला ठरावीक हिस्सा जिल्ह्यांकडे द्यायचा आणि कामे तिथे ठरवायची, ही कल्पना चांगलीच होती. पण ज्या जिल्ह्यात मुळात रस्ते कमी, शाळा कमी, विजेचे खांब कमी, त्याला लोकसंख्येच्या प्रमाणात पैसे दिले तर तो जिथे आहे तिथेच राहणार, ही तक्रार विदर्भ-मराठवाड्यातून वाढत गेली. तिच्यातूनच १९८३ मध्ये सत्यशोधन समिती नेमली गेली. अध्यक्षांच्या नावावरून ती दांडेकर समिती म्हणून ओळखली जाते. तिचा अहवाल १९८४ चा.

इथे थांबायला हवे, कारण पुढच्या चाळीस वर्षांचे भांडण या अहवालाच्या पद्धतीत आहे.

समितीने रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, जमीन विकास आणि पशुवैद्यकीय सेवा अशी क्षेत्रे घेतली. प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढली आणि जो जिल्हा तिच्या खाली, त्याची तूट म्हणजे त्याचा अनुशेष. समजा, एखाद्या सेवेत राज्याची सरासरी शंभराची आहे आणि एका जिल्ह्यात साठच आहेत, तर चाळीसचा अनुशेष. ते चाळीस त्या वर्षीच्या दराने उभारायला लागणारी रक्कम म्हणजे त्याचा आर्थिक अनुशेष. सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्याचे ‘जादा’ कुठेही वजा केलेले नाही. सिंचनाचे माप आणखी बारीक होते. ऊस आणि ज्वारी एकाच हेक्टरात मोजली तर मोजमापच खोटे ठरते, म्हणून सगळे क्षेत्र ‘रब्बी समतुल्य’ हेक्टरांत, म्हणजे रब्बी ज्वारीच्या मापात, उतरवले गेले. बेरीज आली सुमारे ३,१८७ कोटी रुपये. त्यात विदर्भाचे १,२४७ कोटी, मराठवाड्याचे ७५१ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचे १,१८९ कोटी.

तिसरा आकडा पाहून विदर्भ-मराठवाड्यातले लोक तेव्हाही चमकले होते. ज्या भागाशी तुलना करून मागासलेपण सांगायचे, त्या भागाचाच अनुशेष एकूण बेरजेच्या ३७ टक्के आणि मराठवाड्याहून जास्त! हिशेबात चूक नव्हती. घटक जिल्हा धरला की असेच होणार. उर्वरित महाराष्ट्रात पुण्याबरोबर रत्नागिरी येते, धुळे येते. त्यांची तूट खरीच होती. कोकणाची स्वतंत्र मंडळाची मागणी याच ‘उर्वरित’ या शब्दाच्या रागातून आली आहे आणि ती रास्त आहे. पण ३७१(२) ने प्रदेश धरले होते, समितीने जिल्हा धरला आणि या दोहोंतला ताण कधीच सोडवला गेला नाही. माझ्या मते पुढच्या बहुतेक गोंधळाचे कारण हेच आहे.

१९८४ मध्येच विधिमंडळाने ३७१(२) मधल्या विकास मंडळांची, म्हणजेच वैधानिक मंडळांची, मागणी करणारा ठराव केला. राष्ट्रपतींचा आदेश मार्च १९९४ मध्ये निघाला आणि १ मे १९९४ ला तीन मंडळे सुरू झाली. पहिला प्रश्न होता की अनुशेष आज किती. राज्यपालांनी नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ही तारीख धरून फेरमोजणी केली. आकडा सुमारे १४,००० कोटींवर गेला होता आणि त्यातला जवळपास निम्मा विदर्भाचा होता. दहा वर्षे अनुशेष भरून काढण्यासाठी वेगळी तरतूद दाखवली जात होती आणि अनुशेष चौपटीहून जास्त झाला. त्यात महागाई होती, हे मान्य. पण दुसरे कारण जास्त बोलके होते. राज्याची सरासरीच वर सरकली होती. पुढचे जिल्हे पुढे गेले की सरासरी चढते आणि मागच्याने चार पावले टाकली तरी अंतर तेवढेच राहते. १९८४ चे माप गोठवायचे की दर वेळी नव्या सरासरीशी तुलना करायची, यावर तज्ज्ञांचेच दोन तट पडले. गोठवले तर जुने देणे फेडून मोकळे होता येते. नवी सरासरी धरली तर काम संपतच नाही. अखेर १९९४ चा आकडा हाच आधार झाला आणि त्यानंतर पडलेल्या तुटीला नाव उरले नाही.

याच वर्षांत सिंचनात एक मोठी गोष्ट घडली. कृष्णा खोऱ्यातले वाट्याचे पाणी ३१ मे २००० पर्यंत वापरात आणले नाही तर फेरवाटपात ते हातचे जाईल, या भीतीने १९९६ मध्ये कृष्णा खोऱ्यासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. रोखे काढून लोकांकडून पैसा उभा केला गेला आणि धरणांची कामे धडाक्यात सुरू झाली. घाई समजण्यासारखी होती. पण रोख्यांचा पैसा अर्थसंकल्पाच्या नेहमीच्या वाटेने न आल्यामुळे समन्यायी वाटपाच्या सूत्राच्या बाहेर राहिला. विदर्भ, तापी आणि कोकणाची महामंडळे १९९७ मध्ये आली, मराठवाड्याचे १९९८ मध्ये. तोवर रोखे बाजारातला उत्साह, यंत्रणा आणि ठेकेदार एका खोऱ्यात गुंतले होते. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ‘अनुशेष’ समजावून सांगावा लागत नाही, तो या चार वर्षांमुळे.

डिसेंबर २००१ मध्ये राज्यपालांचे पहिले निर्देश निघाले : अमुक प्रदेशाला अमुक रक्कम, तीही वळती न करता. निवडून आलेल्या सरकारच्या अर्थसंकल्पात राज्यपालांनी हात घालावा का, असा वाद विधिमंडळात आणि न्यायालयात गाजला. घटनेने जबाबदारी राज्यपालांना दिली आहे आणि पैसे मंजूर करणे विधिमंडळाचे काम आहे. दोन्ही बाजूंकडे मुद्दा होता. मला मात्र त्या निर्देशांचे महत्त्व दुसरेच वाटते. त्यांनी पहिल्यांदा दरवर्षी जिल्हावार तक्ता छापायला भाग पाडले. कोणत्या जिल्ह्यात कोणत्या क्षेत्रात किती शिल्लक, हे आमदाराला आणि पत्रकाराला एका पानावर दिसू लागले.

त्या तक्त्यांतूनच आर्थिक आणि भौतिक अनुशेषाचा फरक उघडा पडला. रुपयांतला अनुशेष २०११ च्या आसपास बहुतेक क्षेत्रांत ‘शून्य’ दिसू लागला, कारण ठरलेली रक्कम खर्ची पडली होती. सिंचनाचा भौतिक अनुशेष, म्हणजे हेक्टरातला, अमरावती विभागातल्या अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम या जिल्ह्यांत उभाच राहिला. पैसे गेले, पाणी आले नाही. कारणे तिथल्या जमिनीतच शोधावी लागतात. पूर्णा नदीच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा आहे. विहिरीचे पाणी खारे, म्हणून भूजलावरचे सिंचन नाही आणि सगळी भिस्त धरणावर. धरणासाठी नांदुऱ्याजवळ पूर्णेवर जिगाव प्रकल्प हाती घेतला. भूसंपादन आणि गावांचे पुनर्वसन यांत तो दशकानुदशके अडकला आणि किंमत मूळ किमतीच्या कैक पट झाली. शिवाय वाशीम जिल्हाच १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा निघाला, तसा १९९९ मध्ये हिंगोली परभणीतून. मूळ मोजणीत त्यांचे नावही नाही. त्यांची तूट मूळ जिल्ह्याच्या आकड्यातून तोडून काढावी लागली. नव्या जिल्ह्याच्या पहिल्याच आराखड्यात कर्ज वाटून घेतल्यासारखा अनुशेष वाटून घेतलेला मी पाहिला आहे.

२०११ मध्ये समतोल प्रादेशिक विकासासाठी उच्चस्तरीय समिती नेमली गेली. केळकर समिती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला आणि विधिमंडळात मांडला गेला तो २०१४ च्या शेवटी. समितीने अनुशेषाची चौकट बाजूला ठेवून दरडोई उत्पन्नातली तफावत आणि विकासाची गती यांवर भर दिला, आणि तालुका हा घटक पुढे आणला. पश्चिम महाराष्ट्रातल्या माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांतला दुष्काळ बुलढाण्याच्या दुष्काळाहून सौम्य नाही, हे कुणीही प्रामाणिकपणे मान्य करील. तरीही विदर्भ आणि मराठवाड्यात अहवालाला कडाडून विरोध झाला. जिल्हा घटक धरल्याने एकदा तिसऱ्या प्रदेशाकडे ३७ टक्के गेले होते. तालुका घटक झाला तर प्रादेशिक देणे विरघळूनच जाईल, ही भीती होती. जुने देणे फेडण्याआधी नवे माप नको, हे म्हणणे मला पटते.

नियोजनाची दुसरी वाट ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने खुली केली होती. अनुच्छेद २४३ झेडडी प्रमाणे जिल्हा नियोजन समितीचे चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या सदस्यांतून निवडून यायचे आहेत. महाराष्ट्राने कायदा केला १९९८ मध्ये; अंमल आणखी लांबला. ग्रामपंचायत आणि पालिकेचे आराखडे एकत्र करून जिल्ह्याचा आराखडा व्हावा, ही घटनेची अपेक्षा. प्रत्यक्षात मर्यादा वरून येते, लोकसंख्या, क्षेत्रफळ, मानव विकास निर्देशांक अशा निकषांवर, आणि समिती तिच्यात कामे बसवते. राज्यभरच्या जिल्हा वार्षिक योजनांची रक्कम आता २०,००० कोटींच्या पुढे गेली आहे, तरी जिल्ह्याचे भवितव्य ठरवणारे मोठे निर्णय तिच्या बाहेर होतात. दहा जिल्ह्यांतून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग राज्यस्तरावर ठरला. कारंजा, मालेगाव, मेहकर इथे महामार्गावरून खाली उतरण्याच्या जागा, म्हणजे उतार, मिळाले. त्या उतारापासून आतल्या गावापर्यंतचा रस्ता मात्र ‘तीस चौपन्न’च्या तुटपुंज्या तरतुदीवर राहतो.

गेल्या काही वर्षांत दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली आणि वाढवली गेली नाही. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय घेतला, पण त्यासाठी लागणारी केंद्राची वाट लांब ठरली. त्याच २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, प्रशासक बसले आणि निवडणुका आरक्षणाच्या वादात वर्षानुवर्षे लांबल्या. घटनेनुसार समितीत ज्यांचा चार-पंचमांश वाटा, तेच सदस्य नव्हते. मंत्री, आमदार, खासदार आणि अधिकारी एवढ्यांत आराखडे मंजूर झाले.

याच काळात, २०२३ पासून, प्रत्येक जिल्ह्याला नवा ‘जिल्हा विकास आराखडा’ करायला सांगण्यात आला : जिल्ह्याचे सकल उत्पन्न किती, कोणत्या पिकावर प्रक्रिया उद्योग होईल, पर्यटनाला वाव कुठे, २०४७ पर्यंत कुठे पोचायचे. जिल्ह्याने स्वतःची बलस्थाने शोधावीत ही दिशा स्वागतार्ह आहे, आणि काही जिल्ह्यांनी हे काम मन लावून केले. मात्र या आराखड्यांत तुलना जिल्ह्याची त्याच्याच भविष्याशी आहे, राज्याच्या सरासरीशी नाही.

बैठकीत वाटल्या जाणाऱ्या पुस्तिकेत आज योजनेचे नाव, मंजूर नियतव्यय (ठरवून दिलेली तरतूद), प्राप्त निधी, झालेला खर्च आणि टक्केवारी एवढे रकाने असतात. मार्चअखेर टक्केवारी शंभराला टेकली की जिल्ह्याचे अभिनंदन होते. राज्याच्या सरासरीच्या तुलनेत जिल्हा कुठे आहे, हा रकाना मंडळांच्या अहवालांत होता. २०२० नंतर तो छापला गेलेला नाही, आणि वाशीमच्या सिंचनाची तूट आज किती हेक्टर आहे हे विचारायला गेलेल्या सदस्याला अजूनही १९९४ च्या आधारावरचा जुना तक्ताच दाखवला जातो.