कुंडीच्या तळाशी खडी घातल्याने निचरा वाढतो का?

"माती भरण्याआधी कुंडीच्या तळाला दोन इंच खडी किंवा विटांचे तुकडे घाला, मुळं कुजणार नाहीत." हा सल्ला पटतो, कारण खडीतून पाणी झरझर जातं. पण पाणी अडतं ते खडीत नव्हे, तिच्या वरच्या मातीत. मातीच्या बारीक फटी पाणी धरून ठेवतात. मातीचा खालचा थर पूर्ण भिजून गच्च झाला की मगच ते मोठ्या पोकळीत उतरतं. म्हणजे तो चिखलट थर राहतोच, उलट दोन इंच वर, मुळांच्या जवळ येतो.

घरी करून पाहा. भांडी घासायचा स्पंज चिंब भिजवा आणि न पिळता आडवा धरा. गळणं थांबलं की कोरड्या खडीवर आडवाच ठेवा. फारसं पाणी उतरणार नाही. आता तो उभा करा, पुन्हा थेंब गळू लागतील. उंची वाढली म्हणून निचरा झाला, आणि खडी नेमकी मातीची उंचीच कमी करते!

तेव्हा कुंडी तळापासून मातीनेच भरा. माती वाहू नये म्हणून भोकावर एक खापरी पुरे. माती चिकट असेल तर तिच्यातच जाड वाळू किंवा भाताचं तूस मिसळा, आणि पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवा.